अर्ध्या आण्याची काटकसर

काटकसर हा आपल्या घरांतला मोठा सद्गुण समजला जातो, आणि तो तसा आहेही. महिनाअखेरचा खर्च जमेच्या आंत बसविणाऱ्या गृहिणीचें कौतुक करण्यांत आपण सहसा चुकत नाहीं. परंतु हाच शब्द घराचा उंबरठा ओलांडून राज्यकारभारांत शिरतो, तेव्हां त्याचा अर्थ बदलतो कीं काय याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. घरांत काटकसर करणारें माणूस बहुधा प्रथम आपल्याच ताटांतलें कमी करतें. राज्यांत मात्र काटकसरीचा हुकूम काढणारा एक असतो आणि ज्याचें ताट रिकामें होतें तो दुसराच असतो. हा भेद लक्षांत ठेवला म्हणजे दुष्काळ, सरकारी मदत आणि गरिबांचे हक्क यांसंबंधीं गेल्या दीडशें वर्षांत झालेल्या वादाचा गुंता पुष्कळसा उलगडूं लागतो. त्या वादाचा इतिहास पाहण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. अहमदनगर जिल्ह्याच्या उदाहरणावरून तो चांगला सांगतां येईल.

अहमदनगर शहराच्या उत्तरेस, मनमाडच्या सडकेला लागून सावेडी आहे. एके काळीं हें साधें खेडें होतें; आज तें शहराचें विस्तारलेलें उपनगर असून शिक्षक, वकील, डॉक्टर, सरकारी नोकर, बँकांतील नोकरदार अशा लोकांची वस्ती तेथें दाट आहे. २०२४ सालीं शहराचें नांव अहिल्यानगर झालें. शहराला पाणी येतें तें मुळा धरणाहून नळांनीं. सावेडींतील एका मोठ्या रस्त्याला तर पाइपलाइन रोड हें नांवच पडलें आहे. हा नळ नसता तर या वस्तीचें काय झालें असतें, हें येथल्या पावसाकडे पाहिलें म्हणजे कळतें. सह्याद्रीच्या आडोशामुळें हा प्रदेश पर्जन्यछायेंत सांपडला आहे. वर्षाकाठीं वीस-पंचवीस इंच पाऊस, आणि तोही लहरी. धरणें व कालवे होण्यापूर्वी येथील शेतकऱ्याचें सारें भवितव्य या लहरीवर टांगलेलें असे.

आणि पावसाची लहर एकटी नव्हती. तिच्या जोडीला सरकारी साऱ्याचा हप्ता होता आणि सावकाराचा रोखा होता. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाला चढलेला भाव युद्ध संपतांच कोसळला. पण कर्ज आणि सारा मात्र खालीं उतरले नाहींत. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि थोड्याच दिवसांत तो अहमदनगर जिल्ह्याच्या पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य हेतु सावकारांचे जीव घेण्याचा नव्हता. कर्जाचे दस्तऐवज हस्तगत करून ते जाळावे, एवढाच होता. हें वर्ष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण पुढल्याच वर्षीं पाऊस गेला, आणि तो गेला तेव्हां शेतकऱ्याच्या घरीं ना धान्याचा सांठा होता, ना पत.

१८७६ सालच्या पावसाळ्यानें दगा दिला तो एका जिल्ह्यापुरता नव्हे. अहमदनगर, पुणें, सातारा, सोलापूर, कलादगी, बेळगांव, धारवाड अशा सलग पट्ट्यांत पिकें बुडालीं. देशांत धान्य मुळींच नव्हतें असें नाहीं. तें आगगाडीनें येत होतें. पण भाव असे चढले कीं ज्याच्या हातीं मजुरी नाहीं त्याच्या घरीं तें जाणें शक्य नव्हतें. दुष्काळ म्हणजे बाजारांत धान्य नसणें एवढेंच नव्हे, बाजारांतलें धान्य घेण्याची ऐपत नसणें हाही दुष्काळच, हा सिद्धान्त अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं आपल्या ग्रंथांत शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला. नगरच्या कुणब्यानें आणि महारानें तो शंभर वर्षें आधीं भोगला होता. मुंबई सरकारनें सडकांचीं व तलावांचीं कामें काढलीं. दौंड-मनमाड लोहमार्गाचें मातीकामही दुष्काळी मजुरांच्या हातून झालें. तो मार्ग १८७८ सालीं खुला झाला, आणि नगरची आगगाडी आजही त्याच मार्गानें धांवते.

या कामांवर मजुरी देण्याचा आरंभींचा नियम असा होता: धान्य कितीही महाग झालें तरी पुरुषाला रोज एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा मिळावा, स्त्रीला एक पौंडाची किंमत आणि वर अर्धा आणा. यांत चैनीला जागा नव्हती. एक पौंड म्हणजे पक्क्या शेराचा अर्धाही नव्हे. आजच्या आहारशास्त्राच्या हिशेबानें तेवढ्या ज्वारींत सुमारे १,६०० उष्मांक असतात, आणि दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला त्याच्या दुपटीच्या जवळपास लागतात. मीठ-मिरची, सरपण, कामावर न येऊं शकणारी म्हातारी, हें सारें त्या वरच्या आण्यांत भागवावयाचें होतें.

अशा वेळीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी प्रदेशाच्या पाहणीवर पाठविलें. टेंपल यांची निवड मोठी अर्थपूर्ण होती. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळांत याच गृहस्थांनीं ब्रह्मदेशांतून लाखों टन तांदूळ आणविला आणि माणसें वांचविलीं. तेथें भूकबळी अगदी थोडे पडले. परंतु त्याबद्दल त्यांचा गौरव होण्याऐवजीं उधळेपणाचा ठपका त्यांच्यावर आला. मृत्यु घडला नाहीं म्हणजे खर्च अनाठायीं झाला, असा तो विलक्षण तर्क होता. हा कलंक धुऊन काढण्याची संधि टेंपल यांना १८७७ सालीं मिळाली, आणि ती त्यांनीं दवडली नाहीं.

जानेवारी १८७७ मध्यें मुलकी खात्याच्या देखरेखीखालील कामांवरचे दर उतरविण्यांत आले. पुरुषाच्या पौंडावरचा आणा अर्धा झाला. स्त्रीचा अर्धा आणा पाव झाला. कामाच्या वयाच्या मुलाला अर्ध्या पौंडाची किंमत आणि पाव आणा. कारण असें देण्यांत आलें कीं, या कामांवर देखरेख ढिली आहे, ज्यांना गरज नाहीं असे लोक तेथें गोळा झाले आहेत, आणि जे सशक्त आहेत त्यांनीं दूरच्या मोठ्या कामांवर जावें. म्हणजे भूक खरी कीं खोटी हें ओळखण्यासाठीं तीन कसोट्या लावावयाच्या: गांवापासून अंतर, अंगमेहनत आणि अपुरी मजुरी. या तिन्ही कसोट्यांतून जो टिकून राहील तो खरा भुकेला.

ही कल्पना दख्खनच्या पठारावर जन्मलेली नव्हती. इंग्लंडमध्यें १८३४ सालीं गरिबांसंबंधींचा नवा कायदा झाला, त्यांत हें तत्त्व घातलेलें होतें कीं सरकारी मदतीवर जगणाऱ्याची स्थिति स्वतंत्रपणें मजुरी करणाऱ्या अगदी खालच्या मजुराहूनही वाईट असली पाहिजे; नाहीं तर लोक काम सोडून मदतीकडे धांवतील. त्या तत्त्वावर तेथें अनाथगृहें बांधलीं गेलीं, नवराबायको वेगळीं ठेवलीं गेलीं आणि मदत घेणें ही लाजिरवाणी गोष्ट ठरली. इंग्लंडांत हें तत्त्व कारखान्याबाहेरच्या बेकाराला लावलें होतें. येथें तें अशा प्रदेशाला लावलें गेलें जेथें स्वतंत्र मजुरीच शिल्लक नव्हती. मदतीवरच्या माणसाला सर्वांत खालच्या मजुराहून खालीं ठेवावयाचें, आणि मजूर तर आधींच उपाशी, मग याच्याही खालीं उरतें तें काय, हा प्रश्न त्या तत्त्वाच्या पुरस्कर्त्यांना पडलेला दिसत नाहीं.

कामावरच्या लोकांनीं या हुकुमाला दिलेलें उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतें. ते कामें सोडून निघून गेले. एखाददुसऱ्या ठिकाणीं नव्हे. दख्खनच्या जिल्ह्यांत मिळून हा आंकडा लाखाच्या घरांत गेला. पोटांत अन्न नाहीं, गांवीं काम नाहीं, आणि तरीही अर्ध्या आण्यासाठीं माणसें हातांतली टोपली खालीं ठेवतात, हा प्रकार सरकारी अंमलदारांना समजेना. त्यांनीं त्याचा सोयीचा अर्थ लावला कीं हे लोक मुळांत गरजू नव्हतेच. येथें या कसोट्यांचें खरें स्वरूप उघडें पडतें. मजूर कामावर राहिला तर दर पुरेसा असल्याचें सिद्ध होतें. सोडून गेला तर त्याला गरज नसल्याचें सिद्ध होतें. दर अपुरा आहे असें सिद्ध होण्याची वाटच या हिशेबांत ठेवलेली नाहीं. ज्या परीक्षेंत परीक्षक कधींच चुकूं शकत नाहीं ती परीक्षा भुकेची नव्हे, आज्ञाधारकपणाची असते.

पुण्याच्या सार्वजनिक सभेनें याचा दुसरा अर्थ लावला, आणि तो बरोबर होता. १८७० सालीं स्थापन झालेल्या या सभेचें काम गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें चाललें होतें. सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली, अर्जांमागून अर्ज केले आणि तुरुंगांतल्या कैद्याच्या शिध्याशीं दुष्काळी मजुराच्या मजुरीची तुलना सरकारपुढें ठेवली. चोरी केल्यास पोटभर आणि खडी फोडल्यास अर्धपोटीं, असा न्याय कोणत्या शास्त्रांत बसतो, हा त्या तुलनेचा मतितार्थ होता. त्याच जानेवारीच्या पहिल्या तारखेस दिल्लीस लिटनसाहेबांनीं मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें होतें. सार्वजनिक काका त्या दरबारास हातसुताच्या जाड्याभरड्या पोषाखांत गेले होते. दरबाराचा खर्च आणि अर्ध्या आण्याची बचत हीं दोन्ही एकाच सरकारच्या एकाच महिन्यांतलीं कृत्यें आहेत. काटकसरीचा उपदेश करणारें सरकार नेमका कोठें हात आंखडतें याचा हा चांगला दाखला आहे.

मद्रास इलाख्यांत डॉ. कॉर्निश या आरोग्याधिकाऱ्यानें एक पौंडाच्या प्रमाणाला उघड विरोध केला आणि कांहीं महिन्यांनीं तेथें दर वाढविण्यांतही आला. पण तोंवर फार उशीर झाला होता. पुढें नेमलेल्या दुष्काळ मंडळाच्याच अंदाजाप्रमाणें १८७६-७८ च्या या आपत्तींत ब्रिटिश मुलखांत सुमारे साडेबावन्न लक्ष माणसें अधिक मेलीं. २० एप्रिल १८७७ रोजीं सावित्रीबाई फुले यांनीं ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रांत त्या काळाची हकीकत आहे. सत्यशोधक समाजानें पुण्याजवळ धनकवडी येथें व्हिक्टोरिया बालाश्रम काढून भुकेल्या मुलांना जेवूं घातलें. हें काम थोर होतें यांत शंका नाहीं. तरी दानानें मूल जगतें, पण त्या मुलाच्या बापाचा मजुरीवरचा हक्क त्यानें प्रस्थापित होत नाहीं, हें जोतीराव जाणून होते. म्हणूनच १८८३ सालीं पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत त्यांचा प्रहार दुष्काळावर नसून दुष्काळ ज्यांतून जन्मतो त्या व्यवस्थेवर आहे.

१८८० सालीं सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या मंडळाचा अहवाल आला आणि त्यांतून दुष्काळासंबंधींचे नियम, म्हणजेच फॅमिन कोड, तयार झाले. दुष्काळांत माणसें जगविणें हें सरकारचें कर्तव्य आहे एवढें त्यांत मान्य झालें. पण कर्तव्य आणि हक्क यांत अंतर आहे. सरकारनें तें कर्तव्य केलें नाहीं तर रयतेनें कोणाकडे दाद मागावी, याचा त्या नियमांत पत्ता नव्हता. १८७८ सालीं दुष्काळाच्या विम्यासाठीं म्हणून नवे कर बसविले गेले. अफगाणिस्थानच्या युद्धाचा खर्च निघतांच तो पैसा तिकडे वळला अशी ओरड झाली. १८९६-९७ च्या दुष्काळांत सार्वजनिक सभेच्या लोकांनीं गांवोगांव जाऊन ते नियम मराठींत समजावून सांगितले. पीक बुडालें असतां सारा तहकूब होऊं शकतो, काम मागतां येतें, हें लोकांना कळविलें. लोकमान्यांच्या 'केसरी'नेंही तेंच केलें. सरकारचा स्वतःचा कायदा लोकांना वाचून दाखविणें याखेरीज यांत कांहीं नव्हतें. तरी १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. दया म्हणून दिलेली गोष्ट कोणी हक्क म्हणून मागूं लागला कीं देणाऱ्याच्या कपाळाला आंठी पडते, याचें याहून स्पष्ट उदाहरण शोधून सांपडणार नाहीं.

समाजवादी विचाराचा या प्रश्नाशीं संबंध येथेंच येतो. इंग्लंडांतील समाजसत्तावादाचा एक आद्य प्रवर्तक हेन्री हिंडमन हा दादाभाई नौरोजींच्या लेखनानें प्रभावित झाला होता. ऑक्टोबर १८७८ मध्यें, म्हणजे हा दुष्काळ ताजा असतांनाच, त्यानें हिंदुस्थानच्या दिवाळखोरीवर प्रसिद्ध निबंध लिहिला. दादाभाई स्वतः १९०४ सालीं ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेस गेले. इकडे इंग्लंडांत बीट्रिस वेब यांनीं १९०९ च्या अल्पमताच्या अहवालांत १८३४ च्या त्या तत्त्वावरच घाव घातला: दारिद्र्य आल्यावर दरिद्री माणसाची परीक्षा घेत बसण्यापेक्षां दारिद्र्य येण्याचीं कारणें काढून टाकावीं, असें त्यांचें म्हणणें होतें. आमच्या नगरचाही या विचाराशीं निकटचा संबंध आहे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकीं अच्युतराव पटवर्धन नगरचे. त्या पक्षाच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्ष आचार्य नरेंद्र देव १९४२ ते १९४५ या काळांत नगरच्याच किल्ल्यांत पंडित नेहरूंबरोबर बंदिवासांत होते. किल्ल्याच्या भिंतींआड हे लोक असतांना १९४३ सालीं बंगालमध्यें सुमारे तीस लाख माणसें मेलीं. फॅमिन कोड तेव्हांही अस्तित्वांत होता. बंगाल सरकारनें त्याखालीं दुष्काळ जाहीरच केला नाहीं, आणि तसें करण्यास त्याला भाग पाडील अशी सत्ता कोणा भुकेल्याच्या हातीं नव्हती.

या साऱ्यांतून समाजवाद्यांनीं जो धडा घेतला तो थोडक्यांत असा: मदत किती मिळते याइतकाच ती कोणत्या नात्यानें मिळते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. देणारा आणि घेणारा यांचें नातें धन्याचें व याचकाचें राहील तोंवर पहिल्याच तंगीच्या वर्षीं ती मदत कापली जाईल. जुलूम म्हणजे केवळ लाठी नव्हे. पोटासाठीं दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहावयास लावणें हाही जुलूमच आहे, आणि काटकसर हें त्याचें सभ्य नांव होऊं शकतें.

याविरुद्ध जें बोललें जातें तेंही प्रामाणिकपणें ऐकलें पाहिजे. खजिना अमर्याद नसतो. आयतें मिळूं लागलें तर श्रमाची आवड जाईल. खऱ्या गरजूबरोबर लबाडही रांगेंत उभे राहतील. यांतील पहिली गोष्ट खरी आहे. पण खजिना मर्यादित आहे म्हणून कोणाचें आधीं कापावयाचें, हें ठरविणें हा अंकगणिताचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे. दुसरीला १८७७ च्या मजुरांनींच उत्तर दिलें. ते आयतें मागत नव्हते, काम करीत होते आणि कामाचा दाम मागत होते. तिसरी गोष्ट थोडीफार खरी असते. तथापि शंभरांत पांच लबाड निघूं नयेत म्हणून पंचाण्णवांना उपाशी ठेवणारा हिशेबनीस कोणत्याही पेढीवर टिकणार नाहीं.

स्वराज्यांत या प्रश्नाची कसोटी लागली ती १९७२ च्या दुष्काळांत. सतत दोनतीन वर्षें पाऊस कमी पडला होता. नगर जिल्ह्यासकट महाराष्ट्राचा मोठा भाग होरपळला. या खेपेस सरकारनें कामें काढलीं तीं लोकांना दूर ठेवण्यासाठीं नव्हे, मागेल त्याला काम देण्यासाठीं. मे १९७३ मध्यें सुमारे ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. खडी फोडणें, पाझर तलाव, नाला बांध, सडका, अशीं तीं कामें. सुकडीच्या चवीची आठवण त्या पिढीच्या तोंडीं अजून आहे. हें सारें सरकारच्या औदार्यानेंच झालें असें नाहीं. मुंबईंत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारीपणाखालीं बायका लाटणीं घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, आणि खेड्यापाड्यांत समाजवादी व डाव्या पक्षांनीं मजुरांचे मोर्चे काढले. मोठ्या प्रमाणावर भूकबळी या दुष्काळांत पडले नाहींत. ज्या पठारावर ९५ वर्षांपूर्वी अर्ध्या आण्यासाठीं माणसें मेलीं, त्याच पठारावर हें घडलें.

रोजगार हमीची कल्पना ज्यांनीं चिकाटीनें पुढें नेली ते विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे हे समाजवादी पक्षाचे नव्हते. ते काँग्रेसमधले होते. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत १९६५ सालीं तिचा प्रयोग झाला. १९७१ सालीं वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं दारिद्र्यावरील आपल्या निबंधांत अशाच उपायाचें समर्थन केलें. १९७७ सालीं कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून, ज्यांत समाजवादी व शेतकरी कामगार पक्षाचे लोक होते त्या पुलोद सरकारच्या काळांत, तो अंमलांत आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावें, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, स्त्रीपुरुषांना सारखा दर असावा, अशीं त्याचीं मुख्य कलमें. १८७७ च्या हुकुमांत स्त्रीचा पाव आणा होता, हें येथें आठवावें. खर्चासाठीं १९७५ पासून नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांवर व्यवसाय कर बसला. पगारदार माणसाच्या पगारांतून दरमहा ही लहानशी रक्कम कापली जाते. ती मुळांत कशासाठीं सुरू झाली हें मात्र कापून देणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें.

पुढें १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें संजित रॉय यांच्या खटल्यांत राजस्थानच्या दुष्काळी कामांसंबंधीं निर्णय दिला कीं किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणें ही संविधानाच्या २३ व्या कलमाखालीं वेठबिगारच होय, मग तें काम दुष्काळनिवारणाचें कां असेना. नाइलाजानें पत्करलेली मजुरी ही स्वेच्छेची नव्हे, हें त्या निर्णयाचें सार. टेंपलसाहेबांच्या कसोटीला शंभर वर्षांनीं मिळालेलें हें उत्तर आहे, आणि तें भारताच्या न्यायपीठावरून मिळालें याचा आपणांस अभिमान वाटावा. २००५ सालीं संसदेनें ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठीं १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, त्याच्या मुळाशीं महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

परंतु हक्क कागदावर आला म्हणजे काटकसरीची वृत्ति मरते असें नाहीं. ती नवी वाट शोधते. १९८८ सालीं हमीच्या कामांवरची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर कामांची संख्याच आटोपती घेण्यांत आली, असें अभ्यासकांना आढळलें. दर कमी करतां येत नाहीं, तर दार अरुंद करावयाचें. करांतून जमलेल्या पैशाचा मोठा भाग योजनेवर खर्च न होतां शिल्लक राहिला, अशीही टीका वारंवार झाली. दुष्काळ विम्याचा पैसा अफगाणिस्थानाकडे वळला होता त्याची ही दूरची भावंडें आहेत. मजुरीचा चेक महिनोन्महिने न येणें, कामाची मागणी नोंदवूनच न घेणें, या गोष्टींना कोणी मजुरीकपात म्हणत नाहीं. पण ज्याची चूल आज पेटावयाची आहे त्याच्या दृष्टीनें उशिरा मिळालेला रुपया हा अर्ध्या आण्याइतकाच अपुरा असतो.

आणि समाजवाद्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. मजुरांनीं खणलेल्या पाझर तलावाचें पाणी कोणाच्या विहिरींत उतरलें? ज्याची विहीर होती त्याच्या. जिच्या डोक्यावर पाटी होती ती बहुधा भूमिहीनच राहिली. एकाच नगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं १९५० सालीं देशांतला अग्रगण्य सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पाथर्डीच्या माळावरून वर्षानुवर्षें जोडपीं कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखांत जात राहिलीं. याच जिल्ह्यांतील संगमनेर तालुक्याचे कॉम्रेड दत्ता देशमुख यांनीं देऊसकर व दांडेकर यांच्याबरोबर १९७९ सालीं कालव्याचें पाणी बारमाही उसाऐवजीं आठमाही पद्धतीनें अधिक शेतकऱ्यांना वांटावें असें सुचविलें. त्यामागें हीच दृष्टि होती कीं मदतीची गरज कायम निर्माण करणारी व्यवस्था तशीच ठेवून मदत वाढविणें म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणें. तें सुचविलेलें फारसें अंमलांत आलें नाहीं. हमी हा जगण्याचा हक्क आहे, जमीन-पाण्याच्या न्यायाची जागा ती घेऊं शकत नाहीं.

आतां पुन्हां सावेडीकडे वळूं. तेथील सुशिक्षित कुटुंबांना सरकारची मदत मिळत नाहीं, असा सामान्य समज आहे. खरें पाहतां मुळा धरण सरकारनें बांधलें, नळ सार्वजनिक पैशानें आला, मुलांचीं महाविद्यालयें अनुदानावर चाललीं, निवृत्तीचें वेतन कायद्यानें सुरक्षित झालें. याला कोणी दान म्हणत नाहीं, आणि तें योग्यच आहे. तो नागरिकाचा हक्क आहे. या मदतीसाठीं कोणी आमची अंतराची, मेहनतीची आणि अपुऱ्या मजुरीची परीक्षा घेत नाहीं. मग पाथर्डी-पारनेरच्या मजुराच्या वाट्याला तेवढ्याच हक्कानें येणाऱ्या कामाला 'खिरापत' म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त झाला? काटकसर हवी, जरूर हवी. परंतु ती कोठून सुरू करावी याचा नियम आपल्याच घरांत आपण रोज पाळतों: ज्याच्या ताटांत अधिक आहे त्याच्याकडून प्रथम. सरकारी कपातीच्या प्रत्येक बातमीला हा घरगुती नियम लावून पाहावा, आणि तो मोडला असेल तेथें कर भरणाऱ्यानेंच जाब विचारावा. १८७७ सालीं टोपली खालीं ठेवणाऱ्या मजुरांच्या मागें सार्वजनिक सभेचे शिकलेसवरलेले लोक उभे राहिले होते. त्या मजुरांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत. त्यांनीं मागितलेला अर्धा आणा मात्र अजून पुरता चुकता झालेला नाहीं, आणि त्याचें देणें आपणां शिकलेल्यांकडेही आहे.